आठ सूक्रेंचा पाव

१९३७ साली पाडलेलं निकेलचं एक सूक्रेचं नाणं टाकसाळीतून बाहेर पडलं तेव्हा बरोबर सात ग्रॅम होतं. लास्तेनिया साइलेमाच्या तराजूत अशी आठ नाणी होती आणि त्यांतलं एकही आता सात ग्रॅमचं राहिलं नव्हतं. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या इमेल्दाबाईंनी एकदा ती आठही नाणी रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेली, काचेच्या पेटीतल्या तराजूवर एकेक करून तोलली आणि आकडे कागदावर लिहून आणले. सगळ्यांत कमी झिजलेलं सहा पूर्णांक शहाण्णव, सगळ्यांत जास्त झिजलेलं सहा पूर्णांक एक्याऐंशी. आठांचं मिळून पंचावन्न ग्रॅम आणि वर थोडं. म्हणजे त्रेसष्ट वर्षांत बोटांनी आणि पिठाने आठ नाण्यांतून मिळून एक ग्रॅमसुद्धा नेला नव्हता.

"एवढंच?" लास्तेनिया म्हणाली. "आणि सरकारने तेवढ्याच वर्षांत किती नेलं?"

"ते तोलायला शाळेतला तराजू पुरायचा नाही," बाई म्हणाल्या आणि नेहमीचे चार पाव घेतले. पाचवा लास्तेनियाने न मागता पिशवीत टाकला. तो यापा. चार घेतले की वर एक, ही अंबातोच्या बाजारातली रीत. ज्या दुकानदारणीचा हात यापाला आखडतो तिच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

आठ सूक्रे म्हणजे एका पावाचा कणकेचा गोळा. हे माप लास्तेनियाच्या आईने ठरवलेलं. पिन्यो गावातल्या त्यांच्या भट्टीत निलगिरीची लाकडं जळायची, तराजूच्या एका पारड्यात आठ नाणी असायची आणि दुसऱ्यात गोळा. भाजताना साधारण सात ग्रॅम पाणी उडून जातं. आई म्हणायची, "भट्टी आपला एक सूक्रे घेते, तिची मजुरी आहे ती." एकदा एका कामवालीने त्यांतलं एक नाणं उचलून जागी शिशाची चकती ठेवली, तेव्हापासून आईने आपल्या प्रत्येक नाण्याच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडायला सुरुवात केली. आईचा कागदी नोटांवर भरवसा नव्हता. दर सोमवारी, बाजार करून आली की ती निकेलचा एक सूक्रे खाच पाडून लोण्याच्या जुन्या डब्यात टाकायची. सहा वर्षं तिने हे केलं. मग गेली. डब्यात तीनशे बारा नाणी होती.

ती नाणी नवी होती तेव्हा एका सूक्रेला वीस पाव यायचे. लास्तेनियाचं लग्न झालं त्या वर्षी तीन यायचे. तिचा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा एक सूक्रे, एक पाव असा हिशेब झाला, आणि तो लक्षात ठेवायला इतका सोपा होता की तो वर्षभरही टिकला नाही. नंतर पाच, वीस, शंभर. सरकारने मध्येच शर्टाच्या बटणाएवढा सूक्रे काढला. पोरं त्याला भोक पाडून भोवरे करायची. मग तीनशे, पाचशे, साडेसातशे. नाण्यावरचा सेनापती मात्र तोच राहिला, ताठ मानेचा, लांब नाकाचा, आणि पावही तोच राहिला, आठ सूक्रेंचा. शेजारच्या गाळ्यावरची एल्विरा दर दोन वर्षांनी पाव थोडा बारीक करायची. "भाव वाढवला की लोक शिव्या देतात, कोमादरे," ती म्हणायची. "पाव बारीक केला की म्हणतात, आपलीच भूक वाढली." एल्विराच्या धाकटीची लास्तेनिया धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमादरे म्हणायच्या. भांडतानासुद्धा.

दोन हजार सालच्या जानेवारीत, एका रविवारी संध्याकाळी, टीव्हीवर सांगण्यात आलं की आता डॉलर. पंचवीस हजार सूक्रेंचा एक. सप्टेंबरमधल्या एका सोमवारपासून बाजारात सूक्रे चालेनासा झाला. एकशे सोळा वर्षं चाललेला पैसा बाजाराच्याच दिवशी गेला. त्या सकाळी तुंगुरावा ज्वालामुखी राख उडवत होता. लास्तेनियाने पावांवरचं फडकं दोनदा झटकलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला पैसे ओळखता येत नाहीत.

उत्तरेकडून आलेल्या नाण्यांवर आकडेच नव्हते. अक्षरं होती, ती परक्या भाषेतली. त्यातून पाच सेंटांचं नाणं मोठं आणि दहाचं त्याहून लहान, सगळ्यांत लहान. एवढ्या वर्षांत बाजार एकच गोष्ट पक्की शिकला होता, नाणं मोठं तर पैसा मोठा. किसापिंचाहून कांदे घेऊन उतरणारा म्हातारा अंब्रोसिओ, ज्याला सगळे ताइता, म्हणजे बाबा, म्हणायचे, एका पावासाठी तळहातावरचं सगळ्यांत बारकं नाणं निवडून द्यायचा, आणि तेच नेमकं दहाचं असायचं. एल्विरा ते घ्यायची आणि फडक्यावरची राख झटकायला लागायची.

"कोमादरे, ते दहा होते," लास्तेनिया एकदा म्हणाली.

"त्यांनी दिले, मी घेतले. मी काय त्यांच्या खिशात हात घातला?"

"त्यांना कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? त्या गोऱ्यांकडे लहान पोर थोरल्याला दामटतं, त्याला मी काय करू?"

त्याच दिवशी लास्तेनियाने स्वतःच्या एप्रनवर चार नाणी ओळीने शिवून टाकली. एक, पाच, दहा, पंचवीस. ती त्यांच्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे बघा ताइता. ही बारकी, हिच्यात दोन मोठ्या मावतात. ही द्यायची नाही, शेवटपर्यंत धरून ठेवायची."

पण खरी अडचण वेगळीच होती. साडेसातशे सूक्रे म्हणजे बरोबर तीन सेंट. आणि सेंट बाजारात नव्हते. आपल्या सरकारची आकडे असलेली नाणी येणार होती. आली ती मूठभर. एक पाव घेऊन कुणी पाचाचं नाणं पुढे केलं की द्यायला दोन सेंट कुठून आणणार? एल्विराने सरळ पाव पाच सेंटांचा केला. बटाटेवालीनेही तेच केलं, मग कोथिंबीरवालीने. मग बाजाराच्या संघाने छापील कागद काढला. पाव पाच सेंट, यापा बंद, सगळ्यांनी पाळायचं. त्रेचाळीस पाववाल्या होत्या, बेचाळीस जणींचे अंगठे आणि सह्या झाल्या.

कागद घेऊन संघाचा अध्यक्ष स्वतः आला. सेगुंदो तोआपांता, साठीचा, टोपी नेहमी हातात. लास्तेनियाचा नवरा गेला तेव्हा प्रेताला खांदा द्यायला जे चार जण होते त्यांतला एक हा, आणि महिन्याभरात खटपट करून फाटकाजवळचा, छपराखालचा गाळा त्यानेच तिला मिळवून दिला होता. त्याला एकतीस वर्षं झाली. त्याआधी ती पावसात बसायची.

"इथे सही, लास्तेनिया."

"बघते," ती म्हणाली आणि कागद तराजूखाली ठेवला.

पुढच्या सोमवारी तो आला, तेव्हाही ती "बघते" म्हणाली. नाही म्हणायचं तिला माहीत होतं. पण ते छपराखाली बसून, त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि रोज सकाळी टोपलं उतरवताना तिला ते छप्पर दिसायचं.

दरम्यान एक साधी गोष्ट घडली. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ताइता अंब्रोसिओने दोन पाव घेतले आणि या खेपेला नीट ओळखून दहाचं नाणं दिलं. चार सेंट परत द्यायचे होते. तिच्याकडे एकही नव्हता. म्हातारा हात पुढे करून उभा होता. त्याने तो आखडता घेतला नाही आणि काही मागितलंही नाही. लास्तेनियाने पाटाखालचा लोण्याचा डबा उघडला आणि त्यातून चार खाचेची नाणी त्याच्या हातावर ठेवली.

"सूक्रे?" म्हातारा म्हणाला. "मेला ना तो?"

"दुसरीकडे मेला. माझ्या टोपल्यापाशी जिवंत आहे. एक आणलात तर एक सेंट. तीन आणलेत तर एक पाव."

"नक्की?"

"मी म्हटलंय ना."

म्हाताऱ्याने अंगठ्याच्या नखाने खाच चाचपून पाहिली आणि नाणी पोंचोच्या आत टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांतली तीन एका परक्याच बाईच्या हातून परत आली. तिला ती बटाटेवालीने दिली होती. बटाटेवाली म्हणाली, "दे म्हणून मागतं कोण? पण लास्तेनियाचा पाव मिळतो म्हटलं की घेतात." मग कांदेवाल्यांनी घेतली, मग बूट पॉलिश करणाऱ्यांनी. कुणीतरी बटणाएवढे सूक्रे मूठभर आणले, चालतात का पाहायला. तिने एक उचलून तराजूत टाकला, दुसऱ्या पारड्यात खाचेवाला ठेवला आणि पारडं कुठे गेलं ते त्याला दाखवलं.

इमेल्दाबाईंनी हे सगळं दोन आठवडे पाहिलं आणि मग हिशेब केला.

"कासेरा," नेहमीच्या दुकानदारणीला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "डब्यात किती उरली?"

"एकशे चाळीस."

"म्हणजे एकशे बहात्तर बाहेर आहेत. सत्तावन्न पाव आणि वर एक सेंट. एवढं तुमच्यावर लोकांचं देणं आहे."

"माझ्या एका भट्टीत दोनशे पाव निघतात, बाई."

"मग तुमची बँक आपल्या सगळ्या बँकांपेक्षा भक्कम आहे," बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या आणि पाचवा पाव पिशवीत पडायची वाट पाहत थांबल्या.

मृतांच्या दिवसासाठी लोकांनी पावाच्या बाहुल्या नेल्या, थडग्यांवर ठेवल्या, खाल्ल्या, आणि त्यांतल्या कित्येक खाचेच्या नाण्यांनी घेतलेल्या होत्या. एल्विराच्या गाळ्यावरची गर्दी अर्ध्यावर आली.

"कोमादरे, अंगठा लाव आणि मोकळी हो," ती म्हणाली. "तुला पाच सेंट मिळतील, मलाही मिळतील. दोघी सुखाने जगू."

"पीठ वाढलं की मी भाव वाढवीन. पीठ वाढेल तेवढाच."

"आणि आजवर जे बुडालं त्याचं काय? ते कोण भरून देणार, तुझा तराजू?"

एल्विराचं बुडालं होतं हे लास्तेनियाला माहीत होतं. तिचं स्वतःचंही बुडालं होतं. गादीखाली ठेवलेल्या नोटा बदलून आणल्या तेव्हा त्या एका मुठीत मावल्या होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सेगुंदो आला तो एकटा नव्हता. गल्लीतल्या निम्म्या दुकानदारणी त्याच्यामागे उभ्या होत्या, काही त्याच्या बाजूने, बऱ्याचशा नुसत्या पाहायला. त्याने तराजूखालचा कागद स्वतःच काढला, झटकला आणि रिकाम्या तराजूच्या एका पारड्यावर ठेवला. कागद आणि वर शाईची डबी. पारडं खाली गेलं.

"आज बघते म्हणू नकोस," तो म्हणाला. "बारा वाजता मला गाळ्यांची यादी नगरपालिकेत द्यायची आहे. सही असेल तर तुझं नाव त्यात. नसेल तर तुझं गाळ्याचं कार्ड मी घेऊन जाणार. आवडीने नाही सांगत."

"माहीत आहे."

"नुसता भावाचा प्रश्न असता तर मी डोळेझाक केली असती. पण तू पैसा काढलास, बाई. स्वतःचा पैसा. सूक्रेचं मढं तू दोन महिने बाजारात फिरवते आहेस."

"मेलेल्यांनाही आपण पाव नेतोच की, सेगुंदो."

मागे कुणीतरी हसलं. सेगुंदो हसला नाही. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ऐक. मी चाळीस वर्षं पोती वाहिली. पैसे बँकेत ठेवले, कारण टीव्हीवरचा माणूस म्हणाला ठेवा. गेल्या वर्षी मार्चमध्ये बँकेने दार लावलं. उघडलं तेव्हा माझ्या पाचांतले दोन राहिले होते. तीन गेले. कुणी आलं होतं का मला यापा द्यायला? हिशेब पुरा करताना सगळ्यांनी आपला आकडा खाली ओढला. आता पहिल्यांदा तो वर ओढायची संधी आपल्या हातात आहे. दोन सेंट. त्यात काय पाप आहे?"

हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते लागलं. लास्तेनियाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून पुन्हा शिवलेली होती. तिच्या मनात आलं, हा खोटं बोलत नाही. हिशेब खरा आहे, फक्त तो ज्याच्याकडून वसूल करायला निघाला आहे तो माणूस चुकीचा आहे.

"तुझी बायको पाव कुठून नेते?" एल्विराने मध्येच विचारलं. तिला सेगुंदोला मदत करायची होती, पण जीभ आवरली नाही.

"हिच्याकडूनच नेते," तो चिडून म्हणाला. "तिलाही समजावलं मी."

"मग समजली का?"

"नाही."

हशा पिकला. त्या गलक्यातून वाट काढत ताइता अंब्रोसिओ पुढे आला. त्याला गर्दीचं कारण माहीत नव्हतं, की होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. त्याने पोंचोतून हात काढला आणि खाचेचे तीन सूक्रे पारड्यावर, सेगुंदोच्या कागदाच्या कडेला ठेवले. पारडं आणखी थोडं खाली गेलं.

"एक पाव, मामिता," तो म्हणाला. स्वतःच्या मुलीच्या वयाच्या बायांनाही तो मामिता, म्हणजे आई, म्हणायचा.

सेगुंदोने नाण्यांवर हात ठेवला. "परत कर," तो लास्तेनियाला म्हणाला. "सगळ्यांसमोर परत कर आणि सांग त्यांना, मेलंय हे नाणं. एवढं केलंस तरी पुरे. सही मग सावकाश कर, मी संध्याकाळपर्यंत थांबतो. हे घेतलंस तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

त्याने वाट सोपी करून दिली होती. तीन नाणी उचलायची आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवायची. म्हातारा वाद घालणार नव्हता. गेल्या सप्टेंबरात त्याने पाच हजारांच्या नोटा अशाच परत घेतल्या होत्या, सगळ्या बाजाराने नाही म्हटल्यावर, घडी घालून, मुकाट्याने. आताही तसंच घेईल. आणि उद्या बाहेर उरलेले सगळे सूक्रे कुणाकुणाच्या खिशांत, पेट्यांत, देवाच्या तसबिरीमागे दुसऱ्यांदा मरतील. पहिल्या खेपेला सरकारने मारले होते. या खेपेला तिने.

छपराच्या पत्र्यावर राख बारीक पडत होती. इथे छप्पर होतं. चर्चच्या पायऱ्यांवर नव्हतं. तिथे एकसष्टाव्या वर्षी टोपलं डोक्यावरून उतरवायला कुणाचा तरी हात मागावा लागला असता. ती हे सगळं दोन महिने बघत होती.

लास्तेनियाने सेगुंदोचं मनगट धरलं, जोर न लावता, नाण्यांवरून उचललं आणि बाजूला ठेवलं. तीन नाणी घेतली, प्रत्येकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि डब्यात टाकली. टोपल्यातला एक पाव काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला. मग शाईची डबी आणि कागद पारड्यावरून उचलून सेगुंदोच्या टोपीत ठेवला. पारडं वर आलं, हललं आणि दुसऱ्याच्या बरोबरीला येऊन थांबलं.

तिने एप्रनच्या खिशातून गाळ्याचं कार्ड काढलं. एकतीस वर्षांत त्याचे कोपरे गोल झाले होते. ते तिने त्याच्यासमोर धरलं.

"बघून झालं, सेगुंदो," ती म्हणाली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती एकतीस वर्षांत पहिल्यांदाच बोलत होती. "तुझे पाचांतले तीन ज्याने खाल्ले त्याच्या दारात मी तुझ्याबरोबर येऊन उभी राहीन, म्हणशील त्या दिवशी. पण ह्यांचा एकही मी खाणार नाही. पाव तीन सेंटांचा, पाचवा यापा, आणि खाच असलेला प्रत्येक सूक्रे मी घेणार. इथे नाही तर चर्चच्या पायऱ्यांवर. सही मी करणार नाही."